अंतराळाचा चित्रकथी

लातूरला माझ्या एका वयोवृद्ध स्नेह्यांकडे मी गेलों होतों. त्यांचा नातू बारावीच्या परीक्षेच्या तयारींत होता. आणि लातुरांत बारावीची परीक्षा म्हणजे साऱ्या घराची परीक्षा, हें आपणांस सांगावयास नको. त्याच्या मेजावरील भौतिकशास्त्राचें जाडजूड पुस्तक आजोबांनीं सहज उचललें, तों त्याच्याखालीं दडविलेलें दुसरेंच एक पुस्तक बाहेर आलें. मुखपृष्ठावर जांभळ्या वर्णाचा, हनुवटीवर नांगरटीसारख्या खांचा असलेला एक धिप्पाड राक्षस. त्याच्या हातांत सोन्याचा मोजा आणि मोज्यावर सहा रत्नें. आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, हा कोण दैत्य?"

"आजोबा, हा थॅनोस. एका चुटकीसरशी अर्ध्या विश्वांतले जीव नाहींसे करतो."

"असें का? आणि हें सारें काढलें कोणीं?"

नातवाला थॅनोसचें कुळ आणि मूळ पाठ होतें. पण या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं माझ्यापाशींहि नव्हतें. आजचें माझें भाषण म्हणजे आजोबांच्या त्या प्रश्नाला सवडीनें दिलेलें उत्तर आहे.

ज्यांना आपलीं मुलें 'सुपरहीरो' म्हणतात त्या अतिमानव वीरांच्या चित्रकथांत एक निराळा वर्ग आहे. त्यांतील वीर चोरदरोडेखोरांच्या मागें धांवत नाहींत. तारे, ग्रह आणि आकाशगंगा हें त्यांचें रणांगण. काळ, मृत्यु आणि सृष्टीचा उगम हे त्यांचे विषय. अशा कथांना आपण सोयीसाठीं विश्वकथा म्हणूं. अंतराळांतील साहसांच्या चित्रकथा पूर्वीं नव्हत्या असें नाहीं. फ्लॅश गॉर्डनची मालिका अमेरिकन वृत्तपत्रांत १९३४ सालींच सुरू झाली होती. परंतु विश्वकथेला पुराणाची भव्यता आणि पुराणाचेंच गांभीर्य ज्यानें दिलें, आणि ज्याच्या रेषेचें ऋण पुढच्या जवळजवळ प्रत्येक चित्रकारानें काढलें, तो माणूस म्हणजे जॅक कर्बी. थॅनोस त्यानें काढलेला नव्हे. पण कर्बी झाला नसता तर थॅनोसहि झाला नसता. तें कसें, हें पुढें येईलच.

न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीं क्षणभर आपण आपल्याच भूमीवर थांबूं. मराठवाड्याच्या सीमेला लागून, बुलढाणा जिल्ह्यांत लोणार आहे. काळ्या बेसॉल्ट खडकांतील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर अंतराळांतून आलेल्या अशनीच्या आघातानें झालें, असें विसाव्या शतकांतील संशोधनानें दाखवून दिलें. लोककथेला हें ठाऊक नव्हतें. तिनें त्या अफाट खळग्याकडे पाहिलें आणि लवणासुराची कथा रचली. भूमीच्या पोटांत दडून बसलेला दैत्य आणि त्याच्या वधासाठीं आलेले विष्णु! लोणारांतील दैत्यसूदनाचें सुंदर मंदिर याच कथेची साक्ष देतें. तसेंच आपल्या नांदेड जिल्ह्यांत कंधारजवळ मानसपुरी येथें क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे भग्न अवयव आहेत. ते पाहतांना मनांत पहिला प्रश्न येतो तो शिल्पशास्त्राचा नसतो. हा उभा होता तेव्हां त्याच्या पायांशीं उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटलें असेल, हा तो प्रश्न असतो.

विश्वकथेचें बीज येथें आहे. जें आपल्या आकलनापलीकडे प्रचंड आहे त्याला मनुष्य चेहरा देतो आणि मग त्या चेहऱ्यासमोर उभा राहून आपल्या लहानपणाचा अर्थ शोधतो.

ही कथा चित्रांतून सांगण्याची कलाहि आपल्याकडे जुनी आहे. गोदाकांठच्या पैठणच्या नांवानें ओळखलीं जाणारीं चित्रकथीचीं चित्रें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. सिंधुदुर्गांतील पिंगुळी गांवच्या ठाकर समाजानें तर ती परंपरा आजवर जागती ठेविली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्याच्या साथीवर कथा गातो. पैठणच्या चित्रांतील डोळे टपोरे, रेषा ठसठशीत, रंग सपाट आणि भडक. सूक्ष्म छटांचें तेथें काम नाहीं, कारण मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांत शेवटच्या रांगेंतील पोरालाहि रावण रावणच दिसला पाहिजे. आणि या चित्रांखालीं चित्रकाराचें नांव बहुधा नसतें. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी, अशी माझी विनंति आहे.

आतां कर्बीकडे वळूं. त्याचें मूळ नांव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तींत. आईबाप ऑस्ट्रियाहून आलेले ज्यू; बाप कपड्यांच्या कारखान्यांत कामाला. बिऱ्हाडें दाटीवाटीचीं, गल्ल्या अरुंद, आणि गल्लीगल्लीच्या पोरांच्या मारामाऱ्या नित्याच्या. कलाशिक्षणाच्या संस्थेंत तो जेमतेम आठवडाभर टिकला. पुढें जें कांहीं शिकला तें पाहून आणि काढून. व्यंगपट तयार करणाऱ्या एका स्टुडिओंत, पात्राच्या दोन मुख्य अवस्थांच्या मधलीं चित्रें भरून काढण्याचें काम त्याच्या वांट्याला आलें होतें. मूठ उगारली येथपासून ठोसा बसला येथपर्यंत शरीर कसकसें वळतें, याचा अभ्यास त्याला तेथें आपोआप घडला असावा.

१९४० च्या डिसेंबरांत जो सायमन आणि कर्बी या दोघांचा 'कॅप्टन अमेरिका' हा वीर बाजारांत आला. पहिल्याच मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतांना दाखविला होता. अमेरिका त्या वेळीं युद्धांत उतरलेलीहि नव्हती. तिला अजून एक वर्ष लागावयाचें होतें. पुढें कर्बी स्वतः सैन्यांत गेला आणि १९४४ च्या ऑगस्टांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. हा चित्रें काढतो असें कळतांच वरिष्ठानें त्याला आघाडीच्या पुढें जाऊन शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढावयास लाविलें. त्या हिंवाळ्यांत त्याचे पाय हिमदंशानें इतके बिघडले कीं ते गमवावे लागतात कीं काय, अशी पाळी आली. कागदावर हिटलरला मारणें आणि प्रत्यक्ष बर्फांत रांगत हिटलरच्या सैन्याच्या जवळ जाणें यांतील अंतर या चित्रकारानें असें पायांनीं मोजलें होतें. पुढच्या आयुष्यांत त्यानें जे महादैत्य काढले त्यांच्यामागें हा अनुभव उभा आहे.

१२ एप्रिल १९६१ रोजीं यूरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या तारखेचा 'फँटास्टिक फोर' या मालिकेचा पहिला अंक निघाला. संवाद व संपादन स्टॅन ली यांचें, चित्रें कर्बीचीं. चार माणसें एका यानांतून अंतराळांत जातात; त्यांच्यावर विश्वकिरणांचा वर्षाव होतो आणि त्यांचीं शरीरें पालटतात. विश्वकिरण ही कल्पित वस्तु नव्हे. अंतराळांतून पृथ्वीकडे येणारे ते अतिवेगवान् कण आहेत, आणि वातावरणावर आदळल्यावर त्यांच्यापासून नव्या कणांचा धबधबा कसा निर्माण होतो याचें गणित आपल्या मुंबईचे होमी भाभा यांनीं वॉल्टर हाइट्लर यांच्यासह १९३७ सालीं मांडलें होतें. खऱ्या विश्वकिरणांनीं कोणी रबरासारखा लांबत नाहीं, हें उघड आहे. अंतराळवीराच्या प्रकृतीला त्यांच्यापासून धोका मात्र असतो. पण लोणारच्या लोककथेनें जें केलें त्याची ही उलट वाट होती. तेथें आकाशांतील घटनेला दैत्याची कथा जडली. येथें विज्ञानाच्या पुस्तकांतील शब्दापासून नवे वीर जन्मले.

आतां ज्या कथेनें विश्वकथेचा सांचा घडविला ती पाहूं. 'फँटास्टिक फोर' च्या ४८ ते ५० या तीन अंकांत, १९६६ सालीं, गॅलॅक्टस नांवाचें एक महाभूत पृथ्वीवर येतें. तो दुष्ट नाहीं. त्याला पृथ्वीचा राग नाहीं, राज्यहि नको. ग्रहांची शक्ति हें त्याचें अन्न आहे आणि त्याला भूक लागली आहे, इतकेंच. मुंगीच्या वारुळावर पाय देतांना आपण मुंगीचा द्वेष करतों काय? पूर्वींच्या चित्रकथांतला खलपुरुष पैसा मागे, सूड मागे, सिंहासन मागे. हा कांहींच मागत नाहीं, म्हणून त्याच्याशीं तडजोडहि होऊं शकत नाहीं.

या कथेच्या जन्माची हकीकत मोठी मनोरंजक आहे. त्या कचेरींत कामाची रीत अशी होती कीं, ली व कर्बी कथेचा आराखडा बोलून ठरवीत. मग कर्बी सर्व पानें काढी, म्हणजे प्रसंगांची मांडणी, वेग, कलाटण्या हें सारें त्याचें. आणि शेवटीं ली त्या चित्रांवर संवाद लिहीत. गॅलॅक्टसचीं पानें हातीं आलीं तेव्हां लींना त्यांत एक अनोळखी आकृति दिसली. रुपेरी देहाचा एक तरुण, लाटांवर स्वार होण्याच्या फळीवर उभा राहून ताऱ्यांमधून चालला आहे! आराखड्यांत तो नव्हताच. एवढ्या मोठ्या देवाला पुढें धांवणारा दूत हवा, असें कर्बीला काढतां काढतां वाटलें, आणि त्यानें तो काढला. यानें काढून काढून त्याला कंटाळा आला होता, म्हणून दूताला फळी मिळाली. हाच तो सिल्व्हर सर्फर.

आणि या तीन अंकांचा खरा केंद्रबिंदु कोणता? गॅलॅक्टसची उंची नव्हे. दूत एका घराच्या छपरांतून आंत कोसळतो. तें घर अ‍ॅलिशिया नांवाच्या एका अंध मूर्तिकार तरुणीचें असतें. ती त्याला खावयास देते, त्याच्याशीं बोलते आणि या क्षुद्र दिसणाऱ्या जीवांच्या जगण्यालाहि किंमत आहे असें त्याला सांगते. तिला त्याचें रुपेरी तेज दिसत नाहीं. तरी त्याच्या अंतःकरणांतील उदात्तता तिला कळते. तिच्या शब्दांनीं दूताचें मन पालटतें आणि तो आपल्या धन्याविरुद्ध उभा राहतो. पृथ्वी वांचते, त्याला शिक्षा म्हणून आकाश बंद होतें. ग्रह गिळणाऱ्या शक्तीसमोर एका अंध स्त्रीचें म्हणणें आणि एका सेवकाचा निर्णय उभा आहे. माझ्या मतें विश्वकथेचें सारें मर्म या तोलांत आहे. पसारा जितका मोठा, तितका तो ज्याच्यावर तोलला आहे तो निर्णय लहान आणि मानवी असला पाहिजे.

हें साधण्यासाठीं कर्बीनें जी चित्रभाषा बनविली तिच्याविषयीं थोडें सांगतों. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, तेव्हां आपण तें मनांत काढून पाहावें. पहिली गोष्ट, जवळचें फार मोठें आणि दूरचें फार लहान करण्याची त्याची हातोटी. मूठ पानाबाहेर येते आणि खांदा पार मागें राहतो, त्यामुळें ठोसा वाचकालाच बसेल असें वाटतें. दुसरी गोष्ट, शक्ति कशी दाखवावी? प्रकाशाच्या किरणांसारख्या रेघा तर सर्वच ओढीत. कर्बीनें शक्तीभोंवतीं लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांचे पुंजके मांडले. उकळत्या डांबराच्या बुडबुड्यांसारखे ते दिसतात आणि अवकाश रिकामें नसून कशानें तरी खदखदत आहे असा भास होतो. हे 'कर्बीचे ठिपके' आज जगभर त्याच्याच नांवानें ओळखले जातात. तिसरी गोष्ट, यंत्रें. त्याचीं यंत्रें कशीं चालतात तें सांगतां येणार नाहीं. पण तीं देवळाच्या शिखरासारखीं थरांवर थर चढत जातात. चौथी गोष्ट, मासिकांतून कापलेल्या छायाचित्रांचे तुकडे चिकटवून केलेलीं पानें; हातानें काढलेला वीर त्या छायाचित्रांच्या अनोळखी जगांत तरंगतो. पैठणच्या चित्रकथीप्रमाणेंच यालाहि स्वस्त कागदावर, चार भडक रंगांत, शेवटच्या रांगेंतील पोराला चित्र दाखवावयाचें होतें. दोघांनींहि उणेपणाची शैली केली.

१९७० सालीं कर्बीनें मार्व्हल ही संस्था सोडली आणि डी. सी. या दुसऱ्या संस्थेसाठीं, आतां लेखन आणि चित्रण दोन्ही स्वतःकडे घेऊन, अनेक मालिकांतून मिळून एकच महाकथा आरंभिली. तिचा मुख्य भाग 'न्यू गॉड्स', म्हणजे 'नवे देव', हा १९७१ सालीं सुरू झाला. जुने देव मरून गेले आहेत आणि त्यांचें जग दोन ग्रहांत दुभंगलें आहे, येथून कथेचा आरंभ होतो. एका ग्रहावर मुक्त वृत्तीचे नवे देव. दुसऱ्यावर धगधगत्या भट्ट्यांचें राज्य आणि त्याचा स्वामी डार्कसाइड. या डार्कसाइडला भूमि नको, संपत्ति नको. सर्व जीवांची इच्छाशक्ति ज्यानें एकदम संपेल असें एक समीकरण त्याला हवें आहे. ज्यानें नाझी सैन्य पाहिलें होतें त्याला सर्वांत भयंकर पाप कोणतें वाटलें, तें येथें कळतें.

या महाकथेंतील एक प्रकरण भारतीय वाचकाला विशेष जवळचें वाटेल. युद्ध थांबावें म्हणून दोन्ही राजे आपापल्या मुलांची अदलाबदल करतात. सज्जनाचा मुलगा भट्ट्यांच्या राज्यांत, छळाच्या अनाथालयांत वाढतो, आणि तरी निर्मळ राहून तेथून निसटतो. डार्कसाइडचा मुलगा ओरायन प्रेमानें वाढविला जातो. पुढें तोच बापाविरुद्ध लढतो, आणि रक्तांतील क्रोधाशींहि त्याला रोज लढावें लागतें. आपल्याकडे हिरण्यकशिपूच्या घरीं प्रल्हाद जन्मला, सूताच्या घरीं कर्ण वाढला, गोकुळांत आणि मथुरेंत मुलांची अदलाबदल झाली. मनुष्य रक्तानें ठरतो कीं संगोपनानें, हा प्रश्न जुनाच आहे. कर्बीनें तो ताऱ्यांमध्यें नेऊन ठेविला. दुर्दैवानें विक्री अपेक्षेप्रमाणें झाली नाहीं असें ठरवून १९७२ सालींच ही मुख्य मालिका बंद करण्यांत आली आणि महाकथा अपुरी राहिली.

पण अपुऱ्या कथेचीं बीजें दूरवर पडलीं. डेट्रॉइट येथें १९४९ सालीं जन्मलेला जिम स्टारलिन हा तरुण नौदलांतील छायाचित्रकाराची नोकरी आटोपून चित्रकथांकडे आला होता. कर्बीचे नवे देव वाचून त्यालाहि तसें कांहीं निर्माण करण्याची इच्छा झाली, आणि १९७३ च्या फेब्रुवारीच्या अंकांत त्यानें थॅनोस जगापुढें आणला. त्याच्या मूळ रेखाटनांतला थॅनोस सडपातळ होता. उचलावयाचेंच असेल तर डार्कसाइड उचल, असें संपादकांनीं सुचविल्यावर तो धिप्पाड झाला, असें स्टारलिननें स्वतःच मोकळेपणानें सांगितलें आहे. लातूरच्या त्या मेजावरील दैत्याची वंशावळ ही अशी आहे.

स्टारलिननें नुसता आकार उचलला असता तर तो स्मरणांत राहिला नसता. १९८२ सालीं त्यानें 'कॅप्टन मार्व्हल' या विश्ववीराच्या मृत्यूची कथा लिहिली व काढली. ताऱ्यांमध्यें लढलेला हा वीर रणांगणावर पडत नाहीं. कर्करोगानें अंथरुणावर, मित्रांच्या समोर मरतो. १९९१ च्या ज्या कथेंत थॅनोस सहाहि रत्नें मिळवून सर्वशक्तिमान् होतो, तींतहि त्याच्या पराभवाचें कारण असें दिलें आहे कीं, आपण या सत्तेला पात्र नाहीं हें त्याला मनोमन ठाऊक होतें. पसारा विश्वाएवढा आणि मर्म माणसाच्या मनाएवढें, हा कर्बीचा धडा येथें खरा पोंचलेला दिसतो. २०१८ आणि २०१९ सालच्या ज्या दोन चित्रपटांनीं थॅनोस घराघरांत नेला, त्यांचें मूळ या कथेंत आहे. २०१७ च्या थॉरच्या चित्रपटाचे रंग व नक्षी कर्बीच्या पानांवरून बेतलेली आहे; २०२१ च्या 'इटर्नल्स' या चित्रपटांतील पर्वतप्राय देव त्याच्या १९७६ सालच्या मालिकेंतले आहेत. असंख्य अनुकरणांत मात्र आकार आला आणि मर्म राहिलें. ग्रहांवर ग्रह फुटतात. पण अ‍ॅलिशियाच्या घरांत जसें एकाचें मन पालटलें, तसें कोणाचेंच पालटत नाहीं. असल्या कथेला आजोबा कंटाळले तर तो त्यांचा दोष नव्हे.

आपल्या मराठी हातांचें काय? चित्रकथेंत ते मागें नव्हते. १९६७ सालीं अनंत पै यांनीं सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' या मालेंतील कृष्ण राम वाईरकरांच्या हातचा. आपल्यापैकीं अनेकांच्या मनांतील बाळकृष्णाचा चेहरा त्यांनींच घडविला आहे, आणि 'टिंकल' मधील हंसवणारा सुप्पंडीहि त्यांचाच. पुण्याच्या प्रताप मुळीकांनीं त्याच मालेसाठीं काम केलें, आणि १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्सच्या 'नागराज' ला रूप दिलें; हिंदी प्रदेशांतील एका पिढीचा अतिमानव वीर असा एका मराठी माणसाच्या कुंचल्यांतून उतरला. ताऱ्यांची कथा मात्र मराठींत चित्रांवांचून, शब्दांतून आली. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. ते जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हें मागाहून उघड झालें. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडूं नये म्हणून त्यांनीं आद्याक्षरें उलटीं करून नांव झांकलें होतें. नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले. वाईरकर-मुळीकांची रेषा आणि नारळीकरांचें आकाश यांचें लग्न लावणारा चित्रकथी आपल्या भाषेला अजून हवा आहे.

नांव झांकण्याची गोष्ट निघाली, म्हणून आजोबांच्या प्रश्नाकडे परत येतों. नारळीकरांनीं आपलें नांव आपखुषीनें झांकलें; कर्बीचें झांकलें गेलें. त्याला पानामागें मोबदला मिळे, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें वीरांची मालकी प्रकाशकाकडे राही. आपण काढलेलीं मूळ पानें परत मिळावींत म्हणून त्याला उतारवयांत झगडावें लागलें; हजारों पानांपैकीं सुमारे दोन हजार पानें १९८७ सालीं त्याच्या हातीं आलीं. ६ फेब्रुवारी १९९४ रोजीं कॅलिफोर्नियांत तो वारला. त्याच्या मुलांनीं हक्कांसाठीं दिलेला लढा खालच्या न्यायालयांत अयशस्वी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलें आणि सप्टेंबर २०१४ मध्यें उभयपक्षीं तडजोड झाली. त्यानंतर निर्माता म्हणून कर्बीचें नांव अधिक ठळकपणें छापलें जाऊं लागलें. कोट्यवधि प्रेक्षक ज्यांच्यासाठीं टाळ्या वाजवितात ते देव निर्माण करणाऱ्याला स्वतःचें नांव मिळावयास इतका काळ लागला.

एखाद्या कारागिराचा प्रभाव म्हणजे काय, याचा विचार करतांना मला त्याचे तीन भाग दिसतात. त्याचा आकार सर्वांना सहज उचलतां येतो. त्याचें मर्म थोड्यांनाच उचलतां येतें. आणि त्याचें नांव सर्वांत आधीं गळून पडतें. पैठणच्या चित्रकथींचें तें कायमचेंच गळलें. आज आपण इच्छा केली तरी तें परत मिळणार नाहीं. वाईरकर, मुळीक किंवा कर्बी यांचें मात्र आपल्या हातीं आहे.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलाच्या पुस्तकाखालीं असें एखादें रंगीत पुस्तक सांपडलें, तर तें फेंकण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत. यांत कोणाचें मन पालटतें? आणि हें काढलें कोणीं? पहिल्या प्रश्नानें मुलाला चांगली कथा आणि पोकळ कथा यांतला भेद कळूं लागेल. दुसऱ्यानें त्याला हें कळेल कीं देव आकाशांतून पडत नाहींत. कोणी तरी दिव्याखालीं वांकून, पाठ मोडेपर्यंत बसून ते काढलेले असतात.

लातूरच्या त्या नातवाला मीं पुढें पत्रानें जॅक कर्बीचें आणि जिम स्टारलिनचें नांव कळविलें. त्याचें उत्तर आलें तें असें: परीक्षा संपली, आणि आतां आजोबा लोणारला घेऊन चालले आहेत, त्यांना लवणासुर दाखवावयाचा आहे आणि मला अशनीचा खड्डा. दोघांनाहि एकच जागा पाहावयाची आहे, याचा मला फार आनंद झाला.